पेशकाराचा नैवेद्य

आमच्या घरात माझ्याआधी कोणी घास उचलत नाही. हा नियम माझा नव्हे, सासूबाईंचा. त्या गेल्या तेव्हा तो मोडता आला असता. पण तोवर सर्वांत आधी जेवण्याची पाळी माझी आली होती, आणि चांगल्या परंपरा अशा वेळी मोडू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. माझा मुलगा विश्वजीत मोठा अधिकारी आहे. कचेरीत त्याच्यापुढे माणसे उभी राहतात. पण ताटावर बसला की तोही माझ्या हाताकडे पाहतो. सून तनुजा हिला ही शिस्त अंगी बाणवायला वर्ष लागले. कुत्रा चार दिवसांत शिकला.

कुत्र्याचे नाव पेशकार. निजामाच्या अमदानीत अधिकाऱ्याच्या शेजारी बसून त्याच्यापुढे एकेक कागद सरकवणाऱ्या कारकुनाला पेशकार म्हणत. माझे सासरे असेच एक पेशकार होते. हाही दिवसभर माझ्या खुर्चीशेजारी बसतो; फक्त कागद पुढे सरकवण्याऐवजी खातो. सासऱ्यांच्या हुद्द्याचे नाव कुत्र्याला दिले म्हणून भावकीत पुष्कळ कुजबुज झाली. ती माझ्या कानांपर्यंत पोहोचली. मी ऐकून घेतले आणि नाव तेच ठेवले.

विश्वजीतने त्याला छावणीतल्या कोणा ओळखीच्या माणसाकडून आणला. रंग गुळाच्या ढेपेसारखा, एक कान उभा, दुसऱ्याला उभे राहण्याची इच्छा नाही. "आई, तुम्हाला सोबत," असे तो म्हणाला. मला सोबतीची गरज आहे असे त्याला कोणी सांगितले, हे मी विचारले. पहिल्याच दुपारी त्या पिल्लाने माझ्या ताटातली भाकरी ओढली. मी भाकरी परत ओढली. मग त्याला समोर बसवले, सावकाश जेवले, ताटली खाली ठेवली आणि त्यानंतर त्याला वाढले. असे चार दिवस. पाचव्या दिवसापासून तो माझा गळा पाहू लागला. हाताकडे नाही, तोंडाकडे नाही. घास गळ्याखाली उतरला याची खात्री झाल्याखेरीज तो स्वतःच्या अन्नाला नाक लावत नाही.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात मला न्यूमोनिया झाला आणि दवाखान्यात ठेवले. घरी पेशकाराने अन्न सोडले. दूध ठेवले, अंडी ठेवली, मटणाचे हाड ठेवले. हा फाटकाकडे तोंड करून पडून राहिला. शेवटी विश्वजीतने फोनवर त्याला माझे तोंड दाखवले. मी दवाखान्यातला तो पांढराफटक उपमा फोनसमोर गिळून दाखवला, वाटी खाली ठेवली, आणि पलीकडून चपचप आवाज ऐकू आला. शेजारच्या खाटेवरच्या बाईने कौतुकाने विचारले, "नातू आहे का हो?" मी म्हणाले, "नातवंडे इतकी ऐकत नाहीत."

माझा असा समज आहे की त्याच्या डोक्यात देव म्हणजे मीच. चूक त्याची आहे. ती दुरुस्त करण्याची मला कधी घाई वाटली नाही.

आता खऱ्या देवांविषयी. आमचे कुलदैवत खंडोबा. घराण्याचे चांदीचे टाक माझ्या देवघरात असतात. भावकी मोठी, देव एकच जोडी, म्हणून ते एका घरी राहतात. लग्न होऊन आले त्या वर्षापासून त्यांना रोज सकाळी मीच आंघोळ घालत आले आहे. खंडोबाचे नाक माझ्या अंगठ्याने झिजून सपाट झाले आहे. मी फार भाविक आहे असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. देवाशी मी बोलते ते मोलकरणीशी बोलते त्याच आवाजात. पण सकाळची ती अर्धी घटका माझी आहे, आणि ती कोणी मागितली तर मी सहजासहजी देणार नव्हते.

मागितली माझ्या धाकट्या जावेने, चतुराबाईने. तिच्या मुलाने सिडकोत नवा फ्लॅट घेतला, त्यात संगमरवरी देवघर बांधले, त्याखाली निळे दिवे लावले, आणि मग चतुराच्या लक्षात आले की आत ठेवायला देव नाहीत. तेव्हापासून माझे गुडघे तिला दुखू लागले. अक्कांना आता होत नाही, अक्कांच्या देवघरापाशी कुत्रं लोळतं, गेल्या चंपाषष्ठीला तर अक्का घरीच नव्हत्या, देव पोरके झाले, असे तिने घरोघरी जाऊन सांगितले. प्रकरण काकासाहेबांकडे गेले. काकासाहेब माझे चुलत दीर, भावकीत वयाने सर्वांत थोर. त्यांनी आयुष्यभर वकिली केली आणि एकही निकाल रिकाम्या पोटी ऐकला नाही.

"विश्वजीतच्या आई," ते मला म्हणाले, "यंदा चंपाषष्ठीला सगळी भावकी तुमच्याकडं जेवायला येईल. रीतीपरमाणं सगळं झालं तर देव इथंच. काही चुकलं तर चतुराबाईकडं. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले.

"आन् अक्का," चतुरा मधाळ आवाजात म्हणाली, "एवढं लाडाचं कुत्रं पाळलंय घरात, तर नैवेद्याला बाहेरचं कशाला? घरचंच जेवू द्या की."

इथे मी थांबून विचार करायला हवा होता. पण चतुरा काही सुचवते तेव्हा मागे सरणे माझ्या स्वभावात नाही. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "घरचाच जेवेल."

आमच्याकडची रीत अशी. चातुर्मासात सोडलेले वांगे चंपाषष्ठीला परत घरात येते. भरीत, रोडगे आणि कांद्याची पात यांचा नैवेद्य देवाला दाखवायचा, तळी उचलायची, आणि मग पहिले पान कुत्र्यापुढे ठेवायचे. कुत्रा खंडोबाचा. त्याने खाल्ले म्हणजे देव जेवला. मग माणसांनी बसायचे. सूर्य ढळण्याच्या आत हे व्हावे लागते. त्यात आदल्या दिवशी मी उपास धरते; त्या दिवसापुरती घरातल्या माणसांना माझ्याआधी जेवायची सूट असते. मी उपाशी म्हणून पेशकारही उपाशी. तनुजा म्हणाली, "बरंच झालं, उद्या तुटून पडेल."

दुसऱ्या दिवशी दिवाणखाना भरला. आमचे घर आमच्याच शहरातल्या सातारा परिसरात, घाटावरच्या साताऱ्याशी त्याचा संबंध नाही, खंडोबाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. जत्रेचा कर्णा खिडकीतून आत येत होता आणि भरिताचा वास बाहेर जात होता. तळी उचलली गेली. "येळकोट येळकोट जय मल्हार!" भंडारा उधळला, काकासाहेबांना शिंका आल्या, पेशकाराच्या कपाळाला मी हळद लावली. तो नवरदेवासारखा गंभीर दिसू लागला. मग विश्वजीतने केळीचे पान त्याच्यापुढे ठेवले.

पेशकाराने पान पाहिले. त्याच्या तोंडातून लाळेची तार फरशीपर्यंत गेली. मग त्याने मान वर केली आणि माझा गळा पाहू लागला.

तेव्हा, त्या क्षणी, मला सर्व काही समजले. मी त्याच्याआधी जेवू शकत नव्हते. तो माझ्याआधी जेवणार नव्हता.

"काय झालं? खात का नाय त्यो?" चतुराने विचारले.

"वाट बघतोय," तनुजा बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"कुणाची?"

मी म्हणाले, "पेशकार, खा." त्याने शेपूट हलवली. "खा म्हणते ना!" शेपूट जोरात हलली. मी दिवसभर नाना गोष्टी बोलत असते. त्यांतली कोणती मनावर घ्यायची हे त्याने केव्हाच ठरवून ठेवले आहे. मी रिकामा हात तोंडाशी नेला, खोटेच चावले, खोटेच गिळले. त्याने माझ्याकडे असे पाहिले की मलाच ओशाळल्यासारखे झाले.

"तूप सोडा वरून," कोणी म्हणाले. तूप सोडले. लाळेची दुसरी तार सुरू झाली, इतकेच. तनुजा माझ्या कानाशी लागली, "आई, कालचं चिकनचं पाणी आहे फ्रीजमध्ये, दोन चमचे..." मी तिच्याकडे पाहिले. ती पुन्हा भावकीत जाऊन उभी राहिली.

"दुसरं कुत्रं आणा," काकासाहेब म्हणाले. "रीतीत घरचं-बाहेरचं काही नाय. पर लवकर. सूर्य थांबत नसतो."

विश्वजीत पान घेऊन बाहेर पडला, आणि त्याच्यामागून अर्धी भावकी. पण त्या दिवशी आमच्या भागातले प्रत्येक घर सकाळपासून कुत्री शोधत होते. गल्लीतला काळा कुत्रा भिंतीशी उताणा पडला होता. त्याने डोळा उघडला, भरीत पाहिले आणि डोळा मिटला. एक पांढरी कुत्री होती. तिने रोडगा अलगद तोंडात धरला, लोकांनी जयघोष केला, आणि तिने पलीकडच्या रिकाम्या प्लॉटमध्ये जाऊन खड्डा उकरला आणि तो पुरला.

"पुरलं!" चतुरा ओरडली. "देवाचा नैवेद्य पुरला!"

"ठेवलाय म्हणा," विश्वजीत म्हणाला. "संध्याकाळी खाईल."

"पुरणं म्हणजे खाणं नव्हं," काकासाहेबांनी ओट्यावरून निर्णय दिला.

समोर मुख्तारभाईंचे लाकडाचे दुकान आहे. त्यांचा राखणदार कुत्रा शेरू म्हणजे एरवी चालती भट्टी. विश्वजीतने विनंती केली तेव्हा मुख्तारभाई स्वतः त्याला पट्ट्याला धरून घेऊन आले, म्हणजे जवळजवळ ओढत आले.

"आपा, तुमच्यासाठी जान हाजिर है," ते मला म्हणाले, "पन ये सुबू से दावतां खा रा. पूरे मोहल्ले का मेहमान है आज. अब इसकू पानी भी नक्को हो रा."

शेरूने पानाचा वास घेतला, ढेकर दिला आणि आमच्या पायरीवर तंगडी वर केली.

"माफ करना आपा."

"असू द्या," मी म्हणाले. "आज देवाच्या मनात काय आहे ते निदान स्पष्ट तरी झाले."

आत आले तो पेशकार जिथे बसवला होता तिथेच बसला होता. तनुजाने मांडलेले दुसरे पान पुढ्यात, पोट पाठीला, लाळेचे तळे. सगळे बाहेरची कुत्री पाहत असताना दिवाणखान्यात त्याच्याजवळ कोणीच नव्हते. वाटले असते तर त्याने पान केव्हाच चाटून पुसून ठेवले असते.

तनुजाने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेले, पेशकारालाही आत घेतले आणि दाराला कडी लावली. ही मुलगी दिसते त्याहून धूर्त आहे. मला ती त्या दिवसापासून आवडू लागली. तिने वाटीत भरीत काढले आणि माझ्यापुढे धरले.

"आई, एक घास. तुम्ही खा, तो खाईल, मी दार उघडते. कोण बघतंय?"

मी वाटी हातात घेतली. खोटे कशाला बोलू, घास बोटांत धरलासुद्धा. एका घासात सगळे सुटत होते. देव माझ्याकडे राहिले असते, चतुरा निळे दिवे बघत बसली असती. देवाला फसवण्याचे मला भय नव्हते. त्याला आपण सगळेच रोज थोडेथोडे फसवतो आणि तो मोठ्या मनाचा आहे. अडले ते वेगळ्याच ठिकाणी. माझ्या घरात, माझ्या चुलीपाशी, दाराला कडी लावून मी घास गिळायचा, आणि तो चतुराला भिऊन? सासूबाईंनासुद्धा भिऊन मी कधी चोरून खाल्ले नाही. आणि तो कुत्रा समोर बसून पाहत होता. कालपासून तो उघड्यावर, सर्वांदेखत माझ्यासाठी उपाशी होता. आणि मी दाराआड जेवणार होते.

मी घास वाटीत टाकला. "कडी काढ," मी म्हणाले.

"आई, देव जातील."

"कडी काढ म्हणते ना."

दिवाणखान्यात जाऊन मी मधोमध पाट मांडला आणि बसले. गुडघ्यांनी आवाज केला. मी तो खोकून झाकला. "तनुजा, मला वाढ."

मग चतुराला कंठ फुटला. "अक्का! कुत्र्याच्या आधी? देवाच्या आधी? बघा हो काकासाहेब, बघा सगळ्यांनी! रीत मोडायला लागल्या!"

"मोडते आहे," मी म्हणाले. "नीट बघ, नंतर सांगताना चुकशील. हा कुत्रा कालपासून उपाशी आहे, कारण मी उपाशी आहे. इथे जमलेल्यांपैकी माझ्यासाठी आणखी कोण उपाशी आहे, त्याने हात वर करावा."

काकासाहेबांनी हात वर केला. "मी सकाळपासून काही घेतलं नाय."

"तुम्ही भरितासाठी आहात, भावजी. हात खाली घ्या."

त्यांनी हात खाली घेतला.

मी खाल्ले. चार महिन्यांनी वांगे जिभेला लागत होते, त्यात निखाऱ्याचा धूर, कच्चा लसूण, वर पात. भरीत उत्तम झाले होते, हे त्या प्रसंगीही नोंदवणे मला भाग आहे. घास गिळला. एकच पुरला असता, पण मी पूर्ण रोडगा संपवला. बसलेच होते तर. मग ताट खाली ठेवले.

पेशकार पानावर असा पडला की केळीचे पानही फाटले. त्याने भरीत खाल्ले, रोडगे खाल्ले, पात खाल्ली, पानाचा तुकडा खाल्ला आणि फरशी चाटत चाटत चतुराच्या पायांपर्यंत गेला. ती किंचाळून सोफ्यावर चढली. खिडकीतले ऊन अजून ढळले नव्हते. म्हणजे देव वेळेत जेवला होता. फक्त माझ्यानंतर.

पंगत बसली. काकासाहेबांनी तीनदा भरीत मागून घेतले, आणि हात धुऊन, बडीशेप तोंडात टाकून, निकाल देण्यासाठी घसा साफ केला. ती पाळी मी त्यांच्यावर येऊ दिली नाही. माझ्या घरातले निकाल मी देते. मी देवघरात गेले, टाक उचलले, धुतलेल्या रेशमी खणात बांधले आणि ते गाठोडे चतुराच्या ओटीत ठेवले.

ती भांडायच्या तयारीने आली होती. हात कंबरेवर ठेवायला उचलले होते, ते तसेच हवेत राहिले.

"अक्का, मी आपलं..."

"ऐक. रोज कोमट पाणी. चिंच लावायची ती फक्त सणाला. खंडोबाच्या नाकावरून अंगठा जोरात फिरवू नकोस, आधीच बारीक राहिले आहे. आणि ते निळे दिवे काढ. देव आहे, मिठाईचे दुकान नाही."

"व्हय अक्का," चतुरा म्हणाली. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिने मला दुसरे काही जोडून न बोलता होकार दिला असेल. तिचे डोळे भरून आले होते. माझे नव्हते, मी कांद्याच्या पातीचे ताट हलवायला सांगितले होते.

पायरीपाशी ती घुटमळली. "अक्का, पुढच्या साली कुत्रं... आमच्या सोसायटीत तर कुत्रं आत घेऊ देत नायती."

"सोसायटीच्या अध्यक्षाला बसव पानावर," मी म्हणाले.

काकासाहेब हसता हसता ठसकले आणि त्यांना पाणी द्यावे लागले. गाड्या गेल्या. विश्वजीत माझ्यामागे देवघरापाशी येऊन उभा राहिला. टाकांच्या जागी चौरंगावर दोन फिकट गोल उरले होते.

"आई, एक मोठा फोटो आणू का? छान फ्रेम मिळतात गुलमंडीवर."

"फोटोला आंघोळ कशी घालू?" मी विचारले. मग तो निघून गेला. तो शहाणा मुलगा आहे; त्याला केव्हा जायचे ते कळते. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे मी कोणाला सांगितले नाही आणि कोणी विचारण्याचे धाडस केले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीने उठले, पाणी कोमट केले, तांब्या घेऊन देवघरापर्यंत गेले आणि तिथे उभी राहिले. ती अर्धी घटका समोर पडली होती आणि तिचे काय करायचे हे मला माहीत नव्हते. तांब्या तुळशीत रिकामा केला. पेशकार फाटकापाशी उभा होता. त्याला फिरवण्याचे काम गड्याचे. मी ते आजवर कधी केले नव्हते, कारण कुत्र्यामागे दोरी धरून चालणारी माणसे मला नेहमी हास्यास्पद वाटत आली आहेत. मी चपला घातल्या, नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि दोरी हातात घेतली.

रस्त्यावर जत्रेची खेळणीवाली मंडळी पसारा आवरत होती. माझे गुडघे दर वीस पावलांनी थांबा मागत होते. पेशकार थांबत होता, मागे वळून पाहत होता, मी निघाले की निघत होता. लोक पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहिले की ते दुसरीकडे पाहत होते.

मुख्तारभाई दुकानासमोर पाणी मारत होते. आम्हांला पाहून त्यांनी पाण्याचा पाइप खाली धरला. "सलाम आपा! आज खुद? ये तुमकू फिरा रा, के तुम इसकू?"

"मुख्तारभाई," मी म्हणाले, "रस्ता ओला करू नका. आम्हांला अजून देवळापर्यंत जायचे आहे."